धोट्याचं तोंड

१

कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेल्या माणसाला धोटा काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. दीड वीत लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसते आणि कुशीला एक बारीक भोक असतं. कांडी संपली की नवी घालायची, भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुताचं टोक भोकातून थेट जिभेवर येतं. ते दातांत धरून बाहेर काढायचं, धोटा पेटीत टाकायचा, साचा सुरू. दिवसभर हेच.

नवशिके दोनदोनदा, तीनतीनदा ओढतात आणि खोकत बसतात. माझं तसं नव्हतं. मी एका ओढीत सूत काढायचो. आमच्या खात्याचा मुकादम, बाबुराव जॉबर, नव्या पोरांना माझ्या साच्यापाशी आणून म्हणायचा, "बघा रे, गुण्याचं तोंड बघा. टोक दिसलं की तोंड आपोआप पुढे." मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलो होतो. झोपेतसुद्धा माझे ओठ हलतात असं कौसल्या, म्हणजे माझी बायको, म्हणायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

माझ्या शेजारच्या साच्यांवर माझा धाकटा भाऊ दौलत होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि लग्न होऊन आलेल्या कौसल्येनं त्याला पदराखाली घेतलं. आम्हाला मूल झालं नाही. त्याची तिला कधी खंत वाटल्याचं मी पाहिलं नाही, कारण दौलत होता. दाढ दुखते म्हणून तोंडात सदा लवंग ठेवायचा. त्याच्या सदऱ्याला, उशीला, त्याच्या धोट्यालासुद्धा लवंगेचा वास यायचा.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. पाळी अर्ध्यावर सोडून कामगार रस्त्यावर आले, त्यांत दौलत होता. नुकतीच धोट्यात नवी कांडी घातली होती, टोक ओढायचं राहिलं होतं, तसाच धोटा कमरेला खोचून तो निघाला. लालबागच्या नाक्यावर गोळी त्याच्या गळ्याला लागली. सूत काततात त्या थ्रॉसल खात्यातला रामदास त्याच्या बाजूला होता. त्यानंच त्याला उचलून आमच्या चाळीत आणला. आणला तेव्हा सगळं संपलं होतं. रामदासनं धोटा माझ्या हातात दिला आणि जिन्यावर बसून राहिला.

गिरणी सुरू झाली तेव्हा तो धोटा मी माझ्या साच्याला घेतला. टोक अजून आतच होतं. साचेवाल्याला भरलेला धोटा तसा सोडवत नाही. भावाचं राहिलेलं टोक मी ओढून काढलं, डोळे पुसले आणि साचा सुरू केला.

२

अठ्ठावन्न साली खात्याच्या मास्तरांनी नवे धोटे आणले. त्यांच्या तोंडाला खाच होती. सूत बोटानं खाचेत बसवायचं, ओठ लावायचे नाहीत, श्वास ओढायचा नाही. कापसाच्या रुईची धूळ छातीत जात नाही, असं मास्तर म्हणाले. सगळ्यांनी घेतले. मी घेतले नाहीत.

"का रे, तुझ्या तोंडाला मेहनताना मिळतो काय?" बाबुराव म्हणाला.

"खाचेतून सूत उडतं. कापडात गाळे पडतात. हा धोटा मला कधी दगा देत नाही," मी म्हटलं.

ते खरंही होतं. नव्या धोट्यांनी पहिल्या महिन्यात फार कापड बिघडवलं. माझं कापड स्वच्छ निघायचं. मास्तरांनी माझा धोटा राहू दिला.

त्याच सुमारास एका सकाळी कांडी घालून धोटा ओठांना लावला, आणि भोक ओलं होतं.

साचेखात्यात सगळंच दमट असतं. सूत तुटू नये म्हणून हवेत पाणी मारतात, भिंतींना घाम फुटलेला असतो. पण धोट्याचं बाकीचं लाकूड कोरडं होतं. ओल फक्त भोकाभोवती होती, ओठांच्या मापाची. नुकतंच कुणीतरी तोंड लावून ठेवल्यासारखी. मला किळस आली. सदऱ्यानं पुसला आणि बाबुरावला हाक मारली.

"माझ्या साच्यावर दुसऱ्या पाळीला बदलीवाला घातलास काय रे?"

"दुसरी पाळी बंद होऊन किती दिवस झाले, गुण्या? माल पडून आहे गोदामात. संध्याकाळनंतर इथं उंदीर फिरतात फक्त."

दुसऱ्या दिवशी भोक पुन्हा ओलं होतं.

३

गिरणीच्या फाटकासमोर एका इराण्याचं हॉटेल होतं. तिथं मी आणि रामदास पाळी सुटल्यावर चहा घ्यायचो. दौलत गेल्यापासून ही सवय लागली होती. रामदासनं दोन वर्षांपूर्वी धम्म घेतला होता. बोलायला तिखट, पण मनानं फार चांगला.

मी त्याला ओल्या धोट्याचं सांगितलं. तो हसला.

"भाऊ, आता उष्ट्याची चिंता तुम्हाला पडली? आमच्या बापाला साचेखात्याच्या दारातून हाकलला होता, का तर सुताला तोंड लावावं लागतं. म्हाराचं उष्टं सूत तुमच्या तोंडात गेलं तर धर्म बुडणार. आयुष्य थ्रॉसलमध्ये काढलं त्यानं. पगार निम्मा."

"मी कधी असं म्हटलं नाही, रामदास."

"तुम्ही नाही म्हटलं. पण हे नवे धोटे आले ना, मी बाबुरावकडे अर्ज केलाय. बोटानं ओवायचं, तोंडाचा संबंधच मिटला. आता काय कारण काढतील बघू." त्यानं बशीत चहा ओतला. "तुम्ही तेवढे त्या जुन्याला चिकटून बसलाय. सोडा की."

"दौलतचा आहे तो."

रामदासनं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणून तर म्हणतो, सोडा."

४

मी भुताखेतांचा माणूस नाही. कोकणातला असूनही नाही. गावी वडाखाली रात्री झोपलोय. म्हणून पुढचं जे झालं त्याला मी बरेच दिवस कारणं शोधत बसलो.

सूत मी ओढायच्या आधीच यायला लागलं.

ओठ लावायचे, छाती भरायची, मग ओढायचं, असा क्रम असतो. आता ओठ टेकवायचा अवकाश, टोक जिभेवर हजर. पलीकडून कुणी अलगद ढकलावं तसं. मी कांडी बदलून पाहिली, भोक तारेनं साफ केलं, धोटा उलटा धरून पाहिला. काही फरक पडला नाही. आणि एका दिवशी त्या टोकाला चव आली. लवंगेची.

खळीचा वास असेल, मनाशी म्हटलं. आमच्या गिरणीत खळीत काय काय घालतात देव जाणे. पलीकडच्या साचेवाल्याला वास घ्यायला लावला. त्याला फक्त लाकूड आणि तेल लागलं.

मला भीती वाटली नाही, हेच खरं. मला बरं वाटलं. दोन वर्षं त्याच्या रिकाम्या साच्याकडे न बघता काम करत होतो. आता कांडी संपायची मी वाट बघू लागलो. ओठ टेकवायचे, की तो आहेच. मी कुणाला सांगितलं नाही. कौसल्येलाही नाही.

मग चाळीचा जिना जड व्हायला लागला. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कठड्याला धरून उभं राहावं लागे. पोटातून श्वास वर यायचाच नाही. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाले रुईनं असं होतं, काम बदला. मी मान हलवली. पण घरी येताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी फुटपाथवरच थांबलो. सूत बाहेर येताना मी श्वास आत घेतच नव्हतो. कित्येक दिवस घेतला नव्हता. तरी ओठ सोडले की छाती रिकामी झालेली असायची.

५

पुढल्या वर्षी मास्तरांनी हुकूम काढला. जुने धोटे गोळा करायचे आणि बॉयलरमध्ये टाकायचे. बाबुराव टोपली घेऊन फिरला. माझ्या साच्यापाशी आला तेव्हा मी त्याला एक दुसराच फुटका धोटा दिला. दौलतचा माझ्या सदऱ्याखाली होता. पोटाला लागून तो कोमट होता, लाकूड असून.

तेव्हा टाकायला हवा होता. पण टाकवेना. भावाला एकदा जाळला होता, पुन्हा कसा जाळणार?

घरी आणून तो मी फळीवर दौलतच्या फोटोपाशी ठेवला. कौसल्येनं तो ओळखला. दौलत गेला तेव्हा ती रडली नव्हती, नुसती बसून राहिली होती, आणि तेव्हापासून ती तशीच होती. कामं करायची, बोलायची, पण आत कुणी नसावं तशी. त्या दिवशी तिनं धोटा उचलला, नाकाशी धरला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लवंग," ती म्हणाली.

मला वाटलं, बरं झालं. रडली म्हणजे मोकळी होईल.

६

काही दिवसांनी गिरणीत मला चक्कर आली. बाबुरावनं दुपारीच घरी धाडलं. चाळ सुस्त होती. पापड वाळत घातले होते, नळ गेलेला होता. मी गॅलरीत जरा थांबलो, दम खायला, आणि आमच्या खोलीतून आवाज आला.

बारीक आवाज होता. ओठ कशाला तरी लागून सुटल्याचा. मग फुस्सकन हवा गेल्यासारखा. पुन्हा ओठ. पुन्हा हवा. सावकाश, न चुकता.

दार लोटलं. कौसल्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. धोटा तिच्या ओठांना होता.

"ह्यां काय करतंस?"

ती दचकली नाही. धोटा मांडीवर ठेवून वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुमी ओढतास, म्हणान तेका त्रास होता," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. "ओढूचा नसता. फुकूचा असता. तेका वारो व्हयो. थयसून वारो जाता ना, गळ्यातसून, म्हणान तेचो जीव घुसमाटता. मी फुकलंय की तेका बरा वाटता."

"कोणी सांगल्यान तुका?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"कोण सांगतला? तोच."

मी धोटा तिच्या हातातून ओढून घेतला. ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला बांधली. ती नुसती बसून माझ्याकडे बघत राहिली. माझा भाऊ परत मिळाला म्हणून मी महिनोन् महिने सुखात होतो, आणि त्या सुखानं आता माझ्या बायकोला धरलं होतं. मला स्वतःची चीड आली.

संध्याकाळी ती चुलीशी भाकरी थापत होती. धोटा ट्रंकेत होता, किल्ली माझ्याकडे होती. तरी तो आवाज येत होता. ओठ, मग हवा. तिच्या श्वासाचाच आता तसा आवाज होत होता.

७

रामदासला मी रविवारी बोलावलं. दिवसाढवळ्या, चांगल्या उजेडात. ट्रंक उघडली आणि धोटा त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाशी नेला. का नेला, ठाऊक नाही.

त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ," तो म्हणाला, "हा आवाज मी ऐकलाय. नाक्यावर. त्याच्या गळ्यातून." तो धोटा त्यानं हातभर लांब धरला. "मी तुम्हाला सांगितलं नाही. दौलत लगेच गेला नव्हता. बराच वेळ ओढत होता. तोंडानं ओढायचा आणि गळ्यातून सगळं जायचं. मी हातानं दाबून धरलं होतं. काही उपयोग झाला नाही."

मी धोटा खिडकीच्या उजेडाकडे केला आणि भोकातून आत पाहिलं. आरपार दिसायला हवं होतं. कांडी नव्हती, सूत नव्हतं, पोट उघडं होतं. पण पलीकडचा उजेड दिसला नाही. आत काहीतरी ओलं, गुलाबी होतं. मी बघतोय हे कळल्यासारखं ते मिटलं.

"जाळा," रामदास म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

शेगडी फुललेलीच होती. मी धोटा निखाऱ्यांत खुपसला. लाकूड कितीतरी वर्षं तेल प्यालेलं, भुरकन पेटायला हवं होतं. पेटलं नाही, नुसता धूर सुटला. आणि मागे कौसल्या कोसळली. दोन्ही हात गळ्यावर, डोळे बाहेर, तोंड उघडं, पण आत काही जात नव्हतं. तिच्या टाचा फरशीवर आपटत होत्या.

मी चिमट्यानं धोटा बाहेर काढला. तिला श्वास आला.

रामदास भिंतीला टेकून उभा होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघेनासे झालो. जाळा म्हणाला म्हणून त्याला दोष कसा देऊ? दौलत त्याचा भाऊ नव्हता, तरी त्यानं त्याच्या गळ्याची जखम दाबून धरली होती. माझ्यापेक्षा जास्तच केलं होतं त्यानं.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. धोटा माझ्यापाशी राहील. जे काय द्यायचं ते मी देईन. सकाळ-संध्याकाळ मी तो ओठांना लावून बसायचो, दौलता, माझं घे, तिला सोड, असं मनात म्हणत. गिरणीतलं काम सुटलं होतंच. जिना उतरणं बंद झालं होतं. आणि तो घ्यायचा. माझं सगळं घ्यायचा. तरी कौसल्या दर महिन्याला हलकी होत गेली, पातळ खांद्यावरून घसरायला लागलं, हाक मारली तर उत्तर यायला वेळ लागायचा. दोघांचं घेऊनही त्याला पुरत नव्हतं.

८

मग साठ सालचा मे महिना आला. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. लालबागभर पताका लागल्या. चाळीच्या चौकात लेझीम, ढोल, गुलाल. दिवेलागणीला रामदास पेढे घेऊन वर आला. त्याला साचेखात्यात दोन साचे मिळाले होते. पहिल्यांदाच एवढा हसताना पाहिला त्याला.

"बोटानं ओवतो, भाऊ. एकदम सोपं. तोंड लावायचं काही कारणच नाही." मग कौसल्येकडे लक्ष गेलं आणि त्याचं हसू गेलं. "वहिनी, पेढा घ्या."

तिनं हातात घेतला, खाल्ला नाही. खाली त्याला हाका मारत होते. मी म्हटलं, जा, आज नको थांबूस. थोड्या वेळानं येतो म्हणाला.

"तेका ऐकू दी," कौसल्या म्हणाली. "तेच्याच पायी झाला ता."

मी धोटा घेऊन खिडकीशी गेलो. खाली घोषणा चालल्या होत्या. भोकाला ओठ लावले आणि वाट पाहिली. काही झालं नाही. ओल नव्हती, ऊब नव्हती, चव नव्हती. मी भोकातून पाहिलं. पलीकडे चौकातला दिवा स्वच्छ दिसत होता. जुना, जळका लाकडी धोटा, बस. मला हुंदका आला. सुटलो, मला वाटलं. सुटला तो. त्याला हवं होतं ते मिळालं आणि तो गेला.

"कौसल्या, गेलो गो तो!" मी म्हटलं आणि वळलो.

ती भिंतीला टेकून बसली होती. खालच्या दिव्यांची गुलालानं लाल झालेली तिरीप छतावर पडली होती, तेवढ्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला. डोळे माझ्यावर होते. ओठ थोडे उघडे, गोल, सूत यायची वाट बघावी तसे. ती श्वास घेत होती आणि तोच आवाज होत होता.

जवळ गेलो, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. लवंगेचा वास आला. आणि तिच्या ओठांच्या मधोमध, आतून, एक पांढरं टोक बाहेर आलं. सुताचं. ओलं. जरासं पुढे आलं आणि थांबलं.

ते काय होतं मला कळलं. तिच्यात जे काही उरलं होतं ते त्या टोकाला होतं. ते बाहेर आलं की मागे काही राहणार नाही, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. मी हात मागे घेतले, पाठीशी बांधले. रामदासला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं.

आयुष्यभर मी एकच काम केलं होतं. ते टोक माझ्या डोळ्यांसमोर होतं, ओठांपासून बोटभर अंतरावर. मी नको म्हणत होतो. मोठ्यानं म्हणत होतो. आणि माझं तोंड पुढे झालं.

एका ओढीत आलं.

तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. त्याला काही वजन नव्हतं. खाली ढोल वाजतच होते. रामदास जिना चढून आला तेव्हा मी तिला धरून बसलो होतो आणि माझ्या दातांत काही नव्हतं, सूत नव्हतं, टोक नव्हतं. फक्त जिभेवर लवंगेची चव होती. ती अजून आहे.